माळ्यावरच्या भेटी

भाची शिकायला दुसऱ्या गावी निघाली आणि तिची खोली धाकट्या भाच्याला मिळायची ठरली. आवराआवरीला हात हवेत म्हणून भावाने मला बोलावलं. तो स्टुलावर चढून माळ्यावरची खोकी खाली देत होता, वहिनी ती झेलत होती आणि मी जमिनीवर बसून ‘ठेवायचं’ आणि ‘द्यायचं’ असे दोन ढीग लावत होते. तिसरं खोकं उघडल्यावर लक्षात आलं, यातलं बरंचसं सामान माझ्या ओळखीचं आहे. असणारच. ते मीच आणलेलं होतं.

मला आत्या होऊन एकोणीस वर्षं झाली. स्वतःचं मूल नाही, त्यामुळे दर सणाला, दर सुट्टीला या दोघांसाठी काहीतरी नेण्याचा हक्क मी मनसोक्त बजावला. आपल्याला भेटी निवडता येतात अशी माझी समजूतही होती. पहिलं हाताला लागेल ते उचलणाऱ्यांतली मी नाही, चार ठिकाणी फिरते, विचार करते. आता त्या विचारपूर्वक घेतलेल्या वस्तू धुळीसकट एकेक करून माझ्यापुढे येऊन बसत होत्या. त्यातल्या बहुतेक नव्याकोऱ्या होत्या.

आधी निघाला मायक्रोस्कोप. भाची पाच वर्षांची असताना दिलेला, आणि किती मिरवला होता मी तो! खोक्यावरची वयाची अट मी वाचली होती आणि सोडून दिली होती, कारण आमची मुलगी हुशार. हुशार होतीच. पण पाच वर्षांच्या मुलीला एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणं जमतंच असं नाही, हे माझ्या गावीही नव्हतं. ती दोन्ही डोळे मिटायची, नाहीतर दोन्ही उघडायची. हाताने एक डोळा झाकला की डोकं हलायचं, आणि डोकं हललं की नळीत काळोख. आम्ही चार मोठी माणसं भोवती उभी राहून विचारत होतो, “दिसलं का? दिसलं का?” शेवटी ती म्हणाली, “दिसलं.” तेव्हा काहीच दिसलं नव्हतं, हे तिने मला माळा आवरताना सांगितलं. चौदा वर्षांनी.

त्या वयात मुठीत मावेल असं एखादं भिंग पुरलं असतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येतं, आणि वस्तू भिंगाखाली आणायची नसते, भिंगच वस्तूपाशी न्यायचं असतं. पायरीच्या फटीपाशी, स्वतःच्या गुडघ्यावरच्या खपलीपाशी. पण भिंग फारच साधं दिसतं ना. खोकं लहान, कागद उलगडल्यावर कोणी “अरे वा!” म्हणणार नाही. आणि मला ते “अरे वा!” हवं होतं.

वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी वयापुढची खेळणी घ्यायची खोड आपल्याला असते. आज नाही जमलं तर पुढच्या वर्षी जमेल. कपड्यांच्या बाबतीत हे खरं आहे, अंग खरोखर वाढतं. खेळण्याचं तसं होत नाही. ज्या वस्तूने मुलाला एकदा चारचौघांत हरवलं, तिच्याकडे ते पुन्हा वळत नाही. भाची सात वर्षांची झाली तेव्हा तिला एक डोळा मिटता येत होता, पण मायक्रोस्कोप तोवर ‘ते न जमणारं’ झाला होता.

मग एक लहानसा ड्रम आला, काठ्यांसकट.

“हा हरवला होता ना?” मी विचारलं.

भाऊ स्टुलावरून माळ्याच्या आत बघायला लागला. वहिनी म्हणाली, “ताई, तो मीच हरवला होता. तिसऱ्या दिवशी.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आपण भेट मुलाला देतो, पण ती राहायला येते घराकडे. ज्यांचं घर आहे त्यांना एक फोन करून विचारायला काय हरकत होती? तुम्ही भाड्याने राहता का, शेजारी आजारी माणूस आहे का, घरात अजून एखादं पिल्लू आणायची ताकद उरली आहे का.

ड्रमखाली एक गाणारं, डोळे मिचकावणारं यंत्र होतं. त्याचं बॅटरीचं झाकण उघडून पाहिलं तर आत गुंडीएवढ्या चपट्या बॅटऱ्या. झाकणाला स्क्रू नव्हता, नखाने उघडलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे दिलं तेव्हा भाचा दीड वर्षाचा होता. अशी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आतही तिथलं मांस भाजून निघू शकतं, बॅटरी फुटलेली नसली तरीही. छोटी, जोरकस चुंबकंही तशीच. एकापेक्षा जास्त पोटात गेली तर आतड्यांच्या वळ्यांमधून एकमेकांना ओढून चिकटतात आणि मधल्या आतड्याला भोक पाडतात. यावर फार लिहीत नाही. लहान मूल असलेल्या घरी काही देणार असाल तर आधी झाकणाचा स्क्रू बघा, आणि घरात मोठी-लहान दोन भावंडं असतील तर वय धाकट्याचं धरा. मी धरलं नव्हतं. नशीब थोर.

विटा जोडायच्या खेळाने मला सगळ्यात जास्त ओशाळं केलं. भाचा पाच वर्षांचा असताना दिलेला हा संच, एक अवकाशयान, तीन वर्षांनी माळ्यावरून अख्खंच्या अख्खं खाली आलं. एकही वीट निखळलेली नाही. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आज आपण पाहतो त्या विटेच्या पेटंटसाठी १९५८ साली अर्ज केला, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेत बसते. म्हणजे आजोबांच्या विटांवर नातवाला मजला चढवता येतो. दोन गुणिले चार गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या तरी त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात. हे सगळं मी वाचून, भारावून जाऊनच असा संच विकत घेतला. आणि त्या संध्याकाळी भाऊ आणि भाचा मिळून खोक्यावरच्या चित्राबरहुकूम यान बांधून उठले, तेव्हा पहिलं वाक्य माझ्याच तोंडून निघालं: “मोडू नकोस हं, किती छान झालंय!” ९१ कोटींतली एक तऱ्हा शेल्फवर गेली आणि बाकीच्या राहून गेल्या.

भेटवस्तू या शब्दाशी खेळण्यांचं एक जुनं नातं आहे. फ्रीडरिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी एक संस्था काढली, तिलाच पुढे त्याने किंडरगार्टन हे नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंचा एक क्रम त्याने बसवला होता आणि त्या वस्तूंना त्याने शब्द वापरला ‘भेटी’. पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्या भेटीत लाकडी गोल, ठोकळा आणि नळकांडं. तिसरी भेट म्हणजे लाकडाचा एक ठोकळा, पण आठ छोट्या ठोकळ्यांत कापलेला. बस्स. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १८७६ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात एका बाईंनी हे ठोकळे पाहिले आणि आपल्या मुलासाठी घेतले. तो मुलगा पुढे फ्रँक लॉईड राइट हा नामांकित वास्तुरचनाकार झाला, आणि ते ठोकळे आपल्या बोटांत अजून आहेत अशा अर्थाचं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

आडनाव तेच पण नातं नाही अशा दुसऱ्या राइट मंडळींची गोष्ट तर याहून प्रसिद्ध आहे. १८७८ साली वडिलांनी दोन धाकट्या मुलांसाठी एक उडतं खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि पीळ द्यायला रबर. मुलांनी त्याला नाव ठेवलं ‘वटवाघूळ’. ते मोडलं, तेव्हा मुलांनी स्वतः तसं दुसरं केलं, मग अजून मोठं करून पाहिलं आणि मोठं केलं की ते उडत नाही म्हणून हैराण झाली. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचं विमान उडालं हे सगळ्यांना माहीत असतं.

अशा गोष्टींपासून जरा सांभाळूनच राहावं लागतं. तसले ठोकळे हजारो मुलांना मिळाले आणि त्यातली बहुतेक वास्तुरचनाकार झाली नाहीत, सुखाने इतर काहीतरी झाली. भेट देताना मुलाचं भविष्य घडवायला निघणं म्हणजे भेटीच्या कागदात गृहपाठ गुंडाळून देणं. माळ्यावर माझी पाच-सहा पुस्तकं निघाली, त्यांच्या पहिल्या पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात ‘खूप वाच, मोठी हो’ लिहिलेलं. पुस्तकांची पाठ ताठच्या ताठ. मग मला त्या वटवाघळातलं काय आवडतं? त्याचं मोडणं. आणि मोडल्यावर तसंच दुसरं घरच्या सामानातून करता येणं. माळ्यावरच्या माझ्या वस्तूंपैकी जी मोडली ती संपली. पोट फोडलं तर आत हिरवी पट्टी आणि चार वायरी, त्याकडे बघून मुलाला काय कळणार?

वहिनीचं एक म्हणणं होतं, तिने ते बरीच वर्षं पोटात ठेवलेलं असावं. “सणाच्या दिवशी सगळे एकदम आणतात हो. तुम्ही, मावशी, मामा, ऑफिसमधले. मूल एक उघडतं, बाजूला ठेवतं, दुसरं उघडतं. शेवटी रडायला लागतं आणि कोणाला कळत नाही का रडतंय.” मला ते रडणं आठवलं. आम्ही त्याला ‘दमलंय’ म्हणायचो. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ३६ लहानग्यांना एकदा चार खेळण्यांसोबत आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत सोडलं. चारच असताना मुलं एका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. वहिनीने हा प्रयोग वाचलेला नव्हता. ती दर वर्षी निम्मी खोकी गुपचूप माळ्यावर चढवायची आणि पाऊस लागून मुलं घरात अडकली की एक खाली काढायची. माझ्या काही वस्तू खाली यायच्या राहूनच गेल्या, इतकंच.

मग मुलांना विचारूनच का आणू नये? मोठ्यांच्या बाबतीत हे बरोबर आहे. फ्रान्चेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या २०११ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की देणाऱ्याला वाटतं, न मागता शोधून आणलेल्या वस्तूचं कौतुक होईल. घेणाऱ्याला मात्र त्याने स्वतः मागितलेली वस्तूच जास्त भावते. मुलांचं मागणं जरा वेगळं, त्यात दुसऱ्यांचा आवाज मिसळलेला असतो. स्वीडनमध्ये १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी आहे ती काय उगाच? भाचा एकदा फोनवर मला खेळण्याचं नाव, रंग आणि सोबत काय काय मिळतं ते एका दमात, जाहिरातीच्या चालीवर सांगत होता. पण मी ते आणलं, आणि ते त्याने वापरून वापरून झिजवलं. तेव्हा याबाबतीत माझं मत पक्कं नाही.

एका गोष्टीबाबत मात्र पक्कं आहे. भेट बक्षीस म्हणून नको. ‘पहिली आलीस तर सायकल’ हा व्यवहार झाला, व्यवहाराला कागद-रिबीन कशाला? १९७३ साली मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगून ठेवलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. मिळालं. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं रंगांशी जेवढा वेळ रमली, तो इतर मुलांच्या निम्म्याच्या आसपास होता. आवडीचं काम त्यांच्या हातून हळूच मजुरी होऊन बसलं.

हे सगळं मी भावाला सांगत होते, तेवढ्यात भाचीने तिची जुनी कंपासपेटी उघडली. आत घडी घातलेला एक जाड कागद. मी रंगीत पेनांनी किनार काढून दिलेलं कूपन. ‘आत्याबरोबर एक अख्खा दिवस. कुठे जायचं ते तू ठरव. मुदत नाही.’

ती दहा वर्षांची होती तेव्हाचं. वस्तू नकोत, अनुभव द्या, असा सल्ला तेव्हा मला नव्यानेच कळला होता आणि फार पटला होता. तिला जायची जागाही तिने ठरवली होती. दोनदा तिने फोन केला. एकदा माझं काम होतं. दुसऱ्यांदाही कामच होतं, पण तेव्हा मी “पुढच्या महिन्यात नक्की” म्हणाले होते. तिसऱ्यांदा फोन आला नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. ड्रम निदान तीन दिवस वाजला होता.

तिने कागद वाचला, पुन्हा घडी घातली. “हे ठेवायच्या ढिगात,” म्हणाली. तिचं तोंड खिडकीकडे होतं आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

माझी एक भेट मात्र माळ्यावर नव्हतीच, ती तिच्या टेबलाच्या खणात होती. भेट म्हणायची तर तशी ती भेटही नव्हती. ती सात वर्षांची असताना मी पडद्यांची मापं घेऊन तशीच त्यांच्याकडे गेले होते, पर्समध्ये शिंपी वापरतात तसली कापडी टेप होती. तिने ती ओढून काढली आणि माझ्या तळव्याची लांबी मोजली. मग उंबरठा मोजला, मग आजोबांचं नाक. संध्याकाळी निघताना टेप परत मागायला जीव होईना, म्हणून पर्समधली एक कोरी वही पण देऊन टाकली.

ती वही आम्ही उघडून बसलो. ‘आजोबांचं नाक ६. बाबाचं नाक ५. माझं नाक ३ पण वाढणार आहे.’ दाराची उंची, दोरीवरून निसटलेल्या चादरीची लांबी, एका गोगलगाईने पाच मिनिटांत कापलेलं अंतर. आणि एका पानावर, ‘आत्या झोपलेली १५८. आत्या उभी १५७. परत मोजलं. तेच.’

ते पान मला लख्ख आठवलं. ती रडवेली झाली होती, तिला वाटलं आपलंच मोजायला चुकतंय. आम्ही सतरंजीवर एकेकाला आडवं करून मोजलं, भाऊ, वहिनी, सगळे. सगळेच आडवे झाले की थोडे लांब. मग दोन दिवस शोधाशोध केल्यावर कळलं की पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या उभं राहिल्यावर वजनाने किंचित दबतात, त्यामुळे माणूस सकाळी उठल्यावर असतो त्यापेक्षा संध्याकाळी साधारण एक सेंटीमीटरने बुटका होतो. त्यानंतर आठवडाभर ती माझ्या भावाला रोज सकाळी दात घासायच्या आधी भिंतीला टेकून उभा करत होती. महागडा मायक्रोस्कोप त्याच वेळी, त्याच घरात, कपाटात उभा होता.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मुलांचं घर सुरू केलं, तेव्हा लोकांनी भेट दिलेली झकास खेळणी तिथे ठेवली होती. मुलांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही असं त्यांनी नोंदवलं आहे. मुलं खऱ्या कामाच्या वस्तूंकडे जात. मी हे पूर्वी वाचलं होतं, लोकांना सांगितलंही होतं. आणि तरी दुकानात गेले की खोक्यांचीच भिंत समोर दिसायची.

भाचीने टेप बॅगेत टाकली. नव्या खोलीत तिचं कपाट मावतं की नाही ते बघायचं होतं.

भाच्याची सुट्टी दहा दिवसांवर आली होती. तो आठ वर्षांचा आहे. या खेपेला कुठे फिरले नाही, त्याला फोन केला आणि काय हवं ते न विचारता सध्या काय चाललंय ते विचारलं. चाळीस मिनिटं तो मुंग्यांबद्दल बोलला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक रांग येते. रांगेवर आडवं बोट फिरवलं की मुंग्या तिथेच गोंधळतात, गोल गोल फिरतात आणि मग एखादी धीट पलीकडे जाते. भिंतीत त्या कुठे जातात ते त्याला पाहायचं होतं, पण रात्री दिवा लावला की त्यांची सगळी पळापळ होते. “आत्या, त्या रात्री झोपतात का गं?”

“मला नाही माहीत,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

बहुतेक मुंग्यांना लाल उजेड नीटसा दिसत नाही, एवढं मात्र मला कुठेतरी वाचलेलं आठवत होतं. घरातली जुनी टॉर्च शोधली, तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी करून रबराने बसवला. टॉर्च अंधारात लावून पाहिली, भिंतीवर डाळिंबी ठिपका पडला. सोबत ते भिंग घेतलं, चौदा वर्षं उशिराने. कागदात काहीच गुंडाळलं नाही, पिशवीत टाकलं, आणि राहायचे कपडेही घेतले.

रात्री सव्वाअकराला आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथे पडलो होतो. वहिनी दारातून डोकावून गेली आणि काही न बोलता तिने मागचा दिवा मालवला. त्याने ठिपका खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू खाली आणला, फटीपाशी थांबवला.

“आत्या, हलू नकोस,” तो कुजबुजला. “एक येतेय.”